कोरडी खाच

मुंब्रा स्टेशनात उतरलं की डोंगर अंगावर येतो. जुलैत त्याच्या माथ्यावरून पांढऱ्या धारा कोसळत असतात आणि लोकलच्या दारातली माणसं त्या बघत कळव्याकडे, ठाण्याकडे निघून जातात. मुंबई-ठाण्याचे कितीतरी प्रस्तरारोहक याच रांगेतल्या कातळावर शिकले, पण ते बहुतेक थंडीच्या दिवसांत. भर पावसात दोर लावून कडा चढायला कुणी जाऊ नये. बोल्डरिंग मात्र होऊ शकतं. दोराशिवाय, दोन-अडीच पुरुष उंचीच्या आत, खाली क्रॅशपॅडची जाड गादी टाकून चढायचं. त्याला डोक्यावर फक्त छप्पर हवं, आणि ते सह्याद्रीत जागोजाग आहे.

हे छप्पर लाव्ह्याने घातलंय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, पण सगळे सारखे टणक नव्हते. घट्ट काळ्या बसाल्टच्या खाली कुठे बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला थर असतो, कुठे मातीसारखा लाल पट्टा. ऊन-पाणी खालचा मऊ थर आधी खातं, वरचा टणक तसाच पुढे राहतो आणि मध्ये कपार तयार होते. छताला आडव्या-तिरप्या भेगा, भिंतीला बुडबुड्यांची भोकं. काही भोकांत एक बोट जातं, काहींत तीन. चढणाऱ्याला याहून वेगळं काय हवं!

कपारीपाशी पोचलं की आधी जमीन बघायची. कड्याच्या कडेवरून पडणाऱ्या थेंबांनी मातीत एक खोलगट रेघ पाडलेली असते. तिच्या आत धूळ असेल तर वाऱ्याचं पाणीही तिथवर येत नाही असं समजायचं. मग काठीने कोपरे आणि दगडांच्या फटी तपासायच्या. बाहेर चिखल झाला की फुरसं आणि विंचूही हीच कोरडी जागा शोधत येतात. कोणत्याही खाचेत नजर गेल्याशिवाय बोट घालायचं नाही, हा नियम नव्या मुलांना चढाईच्या आधी शिकवावा असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतरचं काम सगळ्यात नाजूक, आणि मला त्याचंच सर्वांत आकर्षण आहे. कपार कोरडी आहे की नाही हे आजच्या पावसावर ठरत नाही. बाहेर मुसळधार कोसळत असताना आतला कातळ कोरडा ठणठणीत सापडतो आणि दोन दिवसांनी ऊन पडल्यावर तोच गळायला लागतो. माथ्यावर मुरलेलं पाणी भेगाभेगांतून हळूहळू खाली उतरतं आणि टणक थराखालच्या सांध्याशी येऊन बाहेर पडतं. म्हणून अनुभवी माणूस ढगांआधी छत बघतो. काळपट ओघळ कुठून निघालाय, त्याच्या कडेला शेवाळं धरलंय का, हाताच्या पालथ्या बाजूला कातळ गार लागतो की ओला, हे सगळं बघतो. ओला आणि गार यातला फरक तळव्याला कळत नाही, कारण तळवा आधीच घामेजलेला असतो.

हवेतला दमटपणा आणखी छळतो. पाण्याचा थेंबही नसलेली गुळगुळीत पकड हातातून निसटते. चढणारे हाताला चॉक लावतात, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड. जॉन गिल या अमेरिकन जिम्नॅस्टने १९५०च्या दशकात ती व्यायामशाळेतून कातळावर आणली. कोरड्या हवेत ती घाम शोषते, आपल्या श्रावणात मात्र थोड्याच वेळात तिचा चिकट लेप होतो. म्हणून इथे चॉकपेक्षा जुना सुती पंचा आणि मऊ ब्रश अधिक कामाचा. पंचा घासायचा नाही, दाबून धरायचा, पाणी टिपून घ्यायचं आणि मग ब्रशने जुना लेप काढायचा. बुटाचा तळवाही पुसायचा. एवढं सगळं करून प्रत्यक्ष चढाई असते मिनिटाच्या आतली.

परवाच्या पावसात डोंबिवलीचा एक कॉलेजातला मुलगा कपारीच्या खोल टोकाशी जमिनीवर बसून सुरुवात करत होता. दोन्ही हात आडव्या भेगेत, टाचेचा आकडा छताच्या कंगोऱ्यावर, पाठ जमिनीपासून वीतभर वर. तिथून उजवा हात लांबवून दोन बोटांची खाच घ्यायची होती. तो पोचत होता, पण बोटं सरकत होती.

“दादा, बळ कमी पडतंय.”

“बळ आहे रे. खाच बघ आधी.”

त्याने खाली उतरून टॉर्च मारला. खाचेच्या तळाशी पाण्याचं बारीकसं भिंग साचलं होतं. पंच्याचं टोक पिळून आत सारलं, थोडा वेळ तसंच ठेवलं. पुढच्या खेपेला दोन बोटं बसली, पोट ताणलं गेलं आणि पाय सुटूनही शरीर झुललं नाही. मागे दोन्ही हात वर करून उभी असलेली कल्याणची मुलगी त्याच्याबरोबर एकेक पाऊल सरकत होती. छतावरून पडणारा माणूस पाठीवर पडतो. त्याला झेलायचं नसतं, खांद्यांना आधार देऊन गादीवर वळवायचं असतं.

१९५४ साली सुरू झालेल्या गिरिविहारसारख्या संस्थेने मुंबईच्या आसपास ही विद्या रुजवली आणि २०१६ मध्ये बोल्डरिंगचा विश्वचषक नवी मुंबईत झाला. टोकियो ऑलिंपिकमध्येही हा खेळ आला. आता कृत्रिम भिंतीवर बारा महिने सराव करता येतो आणि तो करावाच. पण तिथली पकड ओली झाली तर कुणीतरी पुसून देतं, पाणी कुठून आलं हे शोधावं लागत नाही.

प्रत्येक कोरडी गुहा आपली नसते. कल्याणजवळच्या लोनाडच्या लेण्यात बौद्ध शिल्पपट आहे. अशा जागी चढाईचे बूट पिशवीतून बाहेरसुद्धा काढायचे नाहीत. विजा कडाडत असतील तर उथळ कपारीच्या तोंडाशी थांबणंही धोक्याचं. आकाश गरजण्याआधीच डोंगर उतरायचा.

पावसाळ्यात छताच्या ओठावरून वर चढून जायचं नसतं. ओठाच्या पलीकडे शेवाळं आणि ओलं गवत असतं, तिथे पाय टिकत नाही. म्हणून शेवटची पकड ओठाच्या अलीकडेच ठरवतात. दोन्ही हातांनी ती धरली, क्षणभर स्थिर राहिलं की प्रॉब्लेम सुटला. मग एकेक पकड मागे येत उतरायचं. त्या मुलाने तसंच केलं. तोवर छताच्या मधल्या भेगेतून ओघळ सुरू झाला होता, म्हणून गाद्या बांधल्या, कातळावरचा चॉक ब्रशने झाडला आणि घसाऱ्यावरून, एकमेकांत अंतर ठेवून, खाली निघालो.