‘क्षमा’ या शब्दाचा अर्थ : धरणे आणि सोडणे

पवित्र शास्त्रातले महत्त्वाचे शब्द आपण एकेक करून पाहत आहोत. आजचा शब्द आहे ‘क्षमा’. हा शब्द आपल्या इतक्या सवयीचा आहे की कोणी अर्थ विचारला तर आपण गडबडतो. कोणी म्हणतं, क्षमा म्हणजे विसरून जाणं. कोणी म्हणतं, राग शांत झाला की क्षमा झाली. आणि ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला आहे, त्याला मात्र हा शब्द ऐकला की ओझं वाटतं. ‘तू ख्रिस्ती आहेस ना, मग क्षमा कर,’ असं त्याला सांगितलं जातं, आणि त्याचं म्हणणं ऐकून घेण्याआधीच विषय संपवला जातो. हे बरोबर आहे का? याचं उत्तर शोधायचं तर मूळ शब्दाकडे गेलं पाहिजे. साध्या माणसांना शास्त्र कळावं म्हणून पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. मूळ भाषेकडे जाण्याची ही वाट आपल्याला नवीन नाही.

नव्या करारात क्षमा करण्यासाठी जो ग्रीक शब्द सर्वांत जास्त येतो तो आहे ‘अफिएमी’. त्याचा सरळ अर्थ ‘सोडणे’, ‘जाऊ देणे’. हा काही खास धार्मिक शब्द नव्हता, रोजच्या वापरातला होता. आता फक्त मत्तयाचं शुभवर्तमान उघडून बघा. चौथ्या अध्यायात पेत्र आणि अंद्रिया जाळी सोडून येशूच्या मागे जातात, तिथे हेच क्रियापद आहे. आठव्या अध्यायात येशू पेत्राच्या सासूच्या हाताला स्पर्श करतो आणि ताप तिला सोडतो, तिथेही हेच. आणि सहाव्या अध्यायात, प्रभूच्या प्रार्थनेत, आपण देवाजवळ ऋण सोडण्याची विनंती करतो, तिथेही हेच क्रियापद आहे.

मराठी माणसाला हे समजायला सोपं आहे, कारण आपली भाषाही असंच बोलते. जाळं सोडलं, तापाने सोडलं, कर्ज सोडलं. उलट बाजूला काय आहे? आपण राग धरतो, डूख धरतो, एखादी गोष्ट मनात धरून ठेवतो. म्हणजे धरणे आणि सोडणे ही जोडी आपल्या भाषेत आधीच आहे.

प्रभूच्या प्रार्थनेत पापाला ‘ऋण’ का म्हटलं असेल? येशू ज्या अरामी भाषेत बोलत होता, तिच्यात ‘होबा’ या एकाच शब्दाचा अर्थ कर्जही होतो आणि पापही. जुन्या करारात तर कर्ज सोडण्याचा नियमच होता. अनुवादाच्या १५ व्या अध्यायात सांगितलं आहे की दर सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यावं. लेवीयाच्या २५ व्या अध्यायात योबेल वर्ष आहे, ५० वे वर्ष. त्या वर्षी गेलेली जमीन परत मिळे आणि दास म्हणून विकला गेलेला इस्राएली माणूस आपल्या घरी जाई. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात या दोन्ही ठिकाणी ‘अफेसिस’ हा शब्द आहे, म्हणजे अफिएमीपासूनच झालेलं नाम. नव्या करारात ‘पापांची क्षमा’ म्हणताना हाच शब्द येतो. तेव्हा क्षमा हा शब्द ऐकताना त्या काळच्या माणसाच्या डोळ्यांपुढे फाडलेला कर्जरोखा आणि घरी परत निघालेला माणूस येत असणार.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. कर्ज सोडायचं तर आधी कर्ज आहे हे मान्य करावं लागतं. जिथे देणंच नाही, तिथे सोडायचं काय? ‘काही झालंच नाही’ असं म्हणणं ही क्षमा नव्हे. मत्तयाच्या १८ व्या अध्यायातला निर्दय चाकराचा दाखला हेच दाखवतो. राजा आधी हिशेब घ्यायला बसतो. चाकराचं देणं निघतं दहा हजार तलांत. एक तलांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी! वर्षाला ३०० दिवस काम धरलं तरी २ लाख वर्षं लागतील. ते कधीच फिटणार नाही, म्हणून राजा कळवळून ते सोडतो.

त्या चाकराला त्याच्या सोबत्याकडून किती येणं होतं? १०० दिनार. आपण पुष्कळदा म्हणतो, ‘किती क्षुल्लक रक्कम!’ पण शंभर दिवसांची मजुरी क्षुल्लक नसते. कष्टकरी घराला विचारा. येशूने दोन-चार दिनार म्हटलं नाही. तुमचं जे नुकसान झालं ते खरं आहे, हे तो मान्य करतो. फक्त राजाने सोडलेल्या ऋणाशेजारी ते ठेवून बघायला सांगतो. त्या चाकराने काय केलं? सोबत्याला धरलं आणि त्याचा गळा आवळला. इथे ग्रीकमध्येही ‘धरणे’ हेच क्रियापद आहे. ज्याला नुकतंच सोडलं होतं, तो बाहेर येऊन धरू लागला. देवाच्या क्षमेची किंमत म्हणून आपण इतरांना क्षमा करतो असं नाही, राजाने आधीच सोडलं होतं. पण ते सोडणं त्या चाकराच्या अंतःकरणापर्यंत पोहोचलंच नाही.

मग ज्याने अन्याय सोसला त्याने गप्प बसावं का? त्याच १८ व्या अध्यायात या दाखल्याच्या आधी काय आहे ते वाचा. लहानातल्या एकाला जो अडखळवतो त्याच्याविषयी अतिशय कडक इशारा आहे. नंतर, भावाने अपराध केला तर एकांतात जाऊन त्याचा दोष त्याला दाखव. ऐकलं नाही तर एका-दोघांना सोबत घे. तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांग, असा क्रम आहे. म्हणजे सत्य बोलणं आणि दुर्बलांचं रक्षण करणं हे क्षमेच्या विरुद्ध नाही. मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला ‘क्षमा कर आणि त्याच घरात राहा’ असं सांगण्यासाठी या अध्यायाचा आधार घेता येत नाही. सूड सोडणं हे आपल्या हातात आहे. पुन्हा विश्वास बसणं आणि नातं जुळणं यासाठी मात्र समोरच्याचा पश्चात्ताप लागतो आणि वेळही लागतो. योसेफाने भावांना जवळ घेण्याआधी ते बदलले आहेत का हे पारखून पाहिलं, हे आपण उत्पत्तीच्या पुस्तकात वाचतो. जक्कयानेही ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करण्याची तयारी दाखवली.

रोजच्या जीवनात ‘वसुली’ कशी चालते, हेही पाहू या. दोघे भाऊ, जमिनीच्या वाटणीवरून वाद. रविवारी एकाच मंदिरात येतात, पण वेगवेगळ्या बाकांवर बसतात. प्रभुभोजन दोघेही घेतात. नाताळात एकमेकांच्या घरी पाऊल टाकत नाहीत, मुलांच्या लग्नात जुना विषय निघतोच. टोमणा मारणं, बोलणं टाकणं, दहा जणांत त्याचा अपमान करणं, हे सगळे वसुलीचे हप्ते आहेत. कितीही हप्ते घेतले तरी ते कर्ज फिटत नाही, हा आपला सर्वांचा अनुभव आहे.

म्हणून आपण काय करावं? प्रथम देवापुढे हिशेब खरा मांडावा : अमुक माणसाने माझं हे हे नुकसान केलं. आकडा कमी करू नये, वाढवूही नये. मग आपल्यावरचं ऋण आठवावं. आणि मग म्हणावं, ‘प्रभू, मी वसुली सोडतो.’ उद्या राग पुन्हा येईल, तेव्हा पुन्हा सोडावं. पेत्राने सात वेळा का असं विचारलं, तेव्हा येशूने त्याला मोजदादच सोडायला लावली.

शेवटी पुन्हा मत्तयाकडे येऊ. २७ व्या अध्यायात, वधस्तंभावर, येशूने प्राण सोडला. तिथेही क्रियापद तेच आहे, अफिएमी. ज्याने आपलं ऋण सोडलं, त्याने त्यासाठी स्वतःचा प्राण सोडला. आपल्या मुठीत आज काय धरलेलं आहे, हे प्रत्येकाने त्याच्यासमोर पाहावं. प्रभू आपणा सर्वांना सोडण्याचं सामर्थ्य देवो. आमेन.