यीस्ट इन्फेक्शन नेमकं ओळखतात कसं? फोनच्या कॅमेऱ्यापासून आयसीयूतल्या मशीनपर्यंत

धडगाव-अक्कलकुव्याकडे मोहाची फुलं पाण्यात भिजत घातली की काही दिवसांत मडक्यात फेस येतो. हा फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि तो तयार करतं यीस्ट, म्हणजे एकाच पेशीची बुरशी. पाव फुगतो तोही यीस्टमुळेच. याच मोठ्या कुटुंबातलं कॅन्डिडा नावाचं यीस्ट आपल्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर राहतं आणि बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही. अँटिबायोटिकचा कोर्स, वाढलेली शुगर, गरोदरपण, एचआयव्ही किंवा दम्याच्या पंपातलं स्टिरॉइड यामुळे तोल बिघडला की ते वाढतं.

मग बाळाच्या जिभेवर पांढरा थर येतो, काखेत-जांघेत लाल चट्टे पडतात, बायकांना खाज सुटते आणि अंगावरून पांढरं जातं. पुढची स्टेप सगळ्यांची सारखीच: फोटो काढायचा, सर्च करायचा, नाहीतर चॅटबॉटला विचारायचं, आणि मेडिकलमधून ट्यूब आणायची.

फोटोवरून का कळत नाही?

लाल, खाजणारी त्वचा कॅन्डिडामुळे होते, गजकर्णामुळे होते आणि साध्या ॲलर्जीनेही होते. गजकर्ण म्हणजे यीस्ट नाही, ती वेगळ्या जातीची बुरशी आहे. शिबं मात्र यीस्टमुळेच येतात, पण ते यीस्ट वेगळं, मॅलासेझिया. इमेज सर्च पिक्सेल जुळवतो, पेशी बघत नाही. त्यात तुम्ही आधीच एखादी 'थ्री-इन-वन' ट्यूब लावली असेल तर आणखी घोळ. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइड असतं. लाली-खाज दोन दिवसांत दबते, आपल्याला वाटतं बरं झालं, आणि बुरशी खाली आरामात पसरते. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेथासोन लिहिलंय का ते बघा. असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

योनीमार्गाच्या इन्फेक्शनचं तर स्वतःचं निदान स्वतः करणं आणखी अवघड. अमेरिकेत २००२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात, 'मला यीस्टच झालंय' असं समजून दुकानातून औषध घेणाऱ्या ९५ बायकांची तपासणी केली. खरंच यीस्ट निघालं साधारण तिघींपैकी एकीला. बाकीच्यांत बॅक्टेरियाचं इन्फेक्शन होतं, मिश्र इन्फेक्शन होतं, किंवा काहीच नव्हतं. दह्याच्या गुठळ्यांसारखं पांढरं आणि वास जवळपास नाही, तर यीस्टची शक्यता जास्त. माशासारखा वास येत असेल तर बहुधा बॅक्टेरिया, आणि त्याला बुरशीचं औषध काहीच करत नाही.

गंमत म्हणजे खरी टेस्ट फार साधी आहे. थोडा स्राव किंवा त्वचेचा खरवडलेला भाग काचेच्या पट्टीवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. आपल्या पेशी विरघळतात, बुरशी तशीच राहते आणि दिसते. मायक्रोस्कोप आणि तो वापरणारा तंत्रज्ञ असेल तिथे हे थोड्या वेळात होतं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: 'स्लाइड करून बघता येईल का?'

साध्या केसमध्ये उपचारही सोपे असतात: क्लोट्रिमाझोलची क्रीम किंवा योनीत ठेवायची गोळी, किंवा फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमचा एकच डोस. गरोदरपणात तोंडावाटे फ्लुकोनाझोल टाळतात आणि सात दिवस आतून लावायचं औषध देतात. फ्लुकोनाझोलचं बऱ्याच औषधांशी पटत नाही, रक्त पातळ करणारं वॉरफेरिन त्यातलं एक. त्यामुळे आधीच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा.

पण पुन्हा पुन्हा होत असेल तर औषध बदलण्याआधी शुगर तपासा. आणि इथे नंदुरबारवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आपल्याकडे आदिवासी समाजात सिकलसेल बऱ्यापैकी आढळतो. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीए१सी टेस्ट लाल पेशींवर चिकटलेली साखर मोजते. सिकलसेलच्या पेशंटमध्ये लाल पेशी लवकर मरतात, त्यांच्यावर साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि आकडा खोटा कमी येतो. वाहक असाल तरी काही पद्धतींत रिडिंग चुकू शकतं. म्हणजे रिपोर्ट 'नॉर्मल' आणि डायबेटिस चालूच! अशा वेळी उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साधी शुगर करून घ्या. डायबेटिसवर डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर तेही सांगा. ती साखर लघवीवाटे बाहेर टाकते, आणि यीस्टला ती आयतीच मिळते.

आयसीयूत गोष्ट वेगळी

इथे यीस्ट रक्तात शिरतं. मानेतली किंवा छातीतली सेंट्रल लाइन, जास्त दिवसांची अँटिबायोटिक्स, पोटाचं ऑपरेशन, कमी वजनाचं बाळ, हे सगळे धोक्याचे पेशंट. ताप उतरत नाही आणि बाकी लक्षण काही नसतं. रक्त कल्चरच्या बाटलीत घालून मशीनमध्ये ठेवतात. मशीन बघतं काय, तर कार्बन डायऑक्साइड! मडक्यातला फेस ज्या वायूने येतो तोच बाटलीत साठला की तळाच्या सेन्सरचा रंग बदलतो आणि अलार्म वाजतो. तरीही रक्तातलं कॅन्डिडा असं निम्म्याच वेळा सापडतं, म्हणून डॉक्टर कधी कधी रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात.

यीस्ट आहे हे कळलं. कुठलं? हा प्रश्न आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या ओळखीचा आहे, कारण तो शेवटी डेटाबेसचा प्रश्न आहे. जुन्या पद्धतीचं मशीन छोट्या छोट्या खणांत वेगवेगळी रसायनं देऊन यीस्ट काय काय खातं ते बघतं आणि यादीतल्या पॅटर्नशी जुळवतं. नवं मशीन, माल्डी-टॉफ, यीस्टवर लेझर मारतं, सुटलेली प्रथिनं नळीतून धावतात, हलकी आधी पोचतात, जड नंतर. त्या वेळांवरून ग्राफ बनतो आणि तो लायब्ररीशी जुळवला जातो. काम मिनिटांचं. पण दोन्हीकडे अट एकच: यादीत नाव पाहिजे. नसेल तर सगळ्यात जवळचं नाव उत्तर म्हणून येऊ शकतं.

नेमकं हेच कॅन्डिडा ऑरिसच्या बाबतीत झालं. २००९ मध्ये जपानमध्ये एका बाईच्या कानातून ते पहिल्यांदा ओळखलं गेलं, म्हणून नाव ऑरिस, म्हणजे लॅटिनमध्ये कान. २०१३ मध्ये दिल्लीतल्या डॉक्टरांनी दोन हॉस्पिटलांतल्या १२ पेशंटची माहिती छापली. मशीन त्याला कॅन्डिडा हीम्युलोनी म्हणत होतं, जीन वाचल्यावर खरं नाव कळलं. २०११-१२ मध्ये देशातल्या २७ आयसीयूंमधून गोळा केलेल्या १,४०० केसेस नंतर तपासल्या, तर ७४ ऑरिसच्या निघाल्या, आणि त्या २७ पैकी १९ आयसीयूंतल्या होत्या. पुढे सॉफ्टवेअर अपडेट झालं, पण जुनी लायब्ररी चालवणाऱ्या लॅबचा रिपोर्ट आजही चुकू शकतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ऑरिसला बुरशींच्या सर्वात गंभीर गटात टाकलं.

नावाने एवढा फरक का पडतो? ऑरिसवर फ्लुकोनाझोल बहुतेक वेळा चालत नाही. कॅन्डिडा क्रुसेईवर ते मुळातच चालत नाही. म्हणून गंभीर पेशंटला सुरुवातीला कॅस्पोफंजिन किंवा मायकाफंजिनसारखं शिरेतून द्यायचं औषध देतात, शक्य असेल तर सेंट्रल लाइन काढतात, डोळे तपासतात, आणि कल्चर निगेटिव्ह आल्यापासून किमान चौदा दिवस उपचार चालवतात.

नातेवाइकांसाठी दोन कामाच्या गोष्टी. व्हॉट्सॲपवर आलेल्या रिपोर्टमध्ये लघवीत किंवा थुंकीत 'कॅन्डिडा' दिसलं म्हणून घाबरू नका. कॅथेटर असलेल्या पेशंटमध्ये ते नुसतं राहायला आलेलं असू शकतं आणि बऱ्याचदा औषध लागत नाही. रक्तात दिसलं तर मात्र ते कधीच दुर्लक्ष करण्यासारखं नसतं.

दुसरी गोष्ट रेफरची. आपल्याकडचा गंभीर पेशंट नंदुरबारहून धुळे, नाशिक किंवा सुरतला हलवतात. ऑरिस त्वचेवर महिनोन्महिने टिकतं, बेडच्या कठड्यावरही राहतं, आणि काही नेहमीच्या जंतुनाशकांनी मरत नाही, क्लोरीनचं लागतं. नव्या हॉस्पिटलला हे माहीतच नसेल तर शेजारच्या बेडपर्यंत पोचायला त्याला वेळ लागत नाही. म्हणून ॲम्ब्युलन्स निघण्याआधी कल्चर रिपोर्टचं प्रत्येक पान फोनमध्ये स्कॅन करा. बुरशीचं पूर्ण नाव, कुठलं औषध चालतं त्याचा तक्ता, सॅम्पलची तारीख आणि सेंट्रल लाइन कधी टाकली ते त्यात दिसलं पाहिजे. फाइल पेशंटसोबत जाणाऱ्या माणसाच्या फोनमध्येही टाका, कारण घाटात नेटवर्क नसतं.