तीर्थपुरीच्या विहिरीतला दक्षिण गोलार्ध

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात, गोदावरीच्या खोऱ्यात तीर्थपुरी आहे. इकडे विहीर खणायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम, त्याखाली कच्चा खडक आणि शेवटी काळा पाषाण. तिथे पहार थकते, सुरुंग लावावा लागतो. याच गावातली दहावीची मुले भूगोलाच्या तासाला ब्राझील शिकतात, कारण बालभारतीचे २०१८ साली आलेले पुस्तक भारत आणि ब्राझील यांना शेजारी ठेवून लिहिलेले आहे. मराठवाड्यातल्या मुलांना ब्राझील कशाला, असे कुणी विचारले तर त्याला सरळ विहिरीच्या काठावर न्यावे.

तो काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. तो निवायचा, त्यावर पुन्हा नवा थर यायचा. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर हा दगड पसरलेला आहे. सह्याद्रीचे कडे त्याचेच. असाच लाव्हा दक्षिण ब्राझीलमध्ये, पराना नदीच्या खोऱ्यात, आपल्याही आधी, सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी वाहिला होता. तिथला इग्वासूचा धबधबा कोसळतो तो त्याच बेसॉल्टवरून.

मग आपली माती काळी आणि तिथली तांबडी का? तिथे वर्षभर पाऊस. विरघळणारे सगळे वाहून गेले, लोह मागे उरले आणि त्या तांबड्या मातीत कॉफी पिकली. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांचा आणि तोही बेभरवशाचा. त्यामुळे खडकातले चुना-मॅग्नेशियम जागेवरच राहिले आणि पाणी पिऊन फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटणारी चिकणमाती तयार झाली. दगड एकाच जातीचा, पावसाने माती वेगळी केली. ऊस मात्र दोन्हीकडे आहे. तीर्थपुरीच्या साखर कारखान्याचा पट्टा उन्हाळ्याच्या तोंडाशी पडतो, म्हणजे गाळप थांबते; त्याच सुमारास, एप्रिलमध्ये, दक्षिण ब्राझीलमधले गाळप सुरू होते. गोलार्ध बदलला की ऋतू उलटतात, हे वाक्य मुले पाठ करतात. इथे ते उसाच्या गाडीवर लादलेले दिसते.

आणि आता खरी थक्क करणारी गोष्ट. विहिरीतला हा पाषाण उत्तर गोलार्धात तयारच झालेला नाही.

बेसॉल्टमध्ये लोहाचे सूक्ष्म चुंबकीय कण असतात. लाव्हा निवत सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या खाली आला की त्या कणांचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत गोठते. हे क्षेत्र विषुववृत्ताजवळ आडवे असते आणि ध्रुवाकडे जावे तसे जमिनीशी अधिकाधिक कलते. म्हणजे दगडातला तो कल मोजला की दगड कोणत्या अक्षांशावर जन्मला ते कळते. दख्खनच्या बेसॉल्टने दिलेले उत्तर आहे विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण २० ते ३० अंशांच्या दरम्यान. परानाचे खोरे आज बहुतांश त्याच अक्षांशांत आहे! तिथून भारताची भूमी हजारो किलोमीटर उत्तरेला सरकली, आशियाला भिडली, हिमालय उचलला गेला, आणि ती अजूनही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर सरकते आहे.

चाळीस गुणांच्या पेपरात एवढे मावत नाही, आणि भूगोल म्हणजे नकाशा भरणे असा समज रुजतो. मला त्याचे मनापासून वाईट वाटते, कारण दहावीच्या त्याच पुस्तकाचा पहिला धडा क्षेत्रभेटीचा आहे. क्षेत्रभेटीला बस ठरवून दूर कुठे जायलाच हवे असे नाही. शिक्षकांनी मुलांना शिवारातल्या एखाद्या नव्या विहिरीपाशी न्यावे, थर मोजायला लावावेत, आणि आकाश निरभ्र असलेल्या रात्री ध्रुवतारा पाहायला सांगावे. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशाचे जवळपास १० अंश व्यापते. तीर्थपुरीतून ध्रुवतारा क्षितिजापासून दोन मुठींपेक्षा किंचित कमी उंचीवर दिसतो, कारण ध्रुवताऱ्याच्या उंचीचे अंश हेच या गावाचे आजचे अक्षांश आहेत: उत्तर, १९ ते २० अंशांच्या मध्ये.