‘६५० पाडायचेत’ हे ध्येय नाही! नवीन वर्षाचा संकल्प कसा करायचा, हे लातूर-नांदेडकडे बघून समजतं

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या श्यामनगर, भाग्यनगरात पोरापोरींच्या रूमवर नवे कागद चिकटतात. कुणी ‘नीट ६५०+’ लिहितं, कुणी ‘एमबीबीएस, गव्हर्मेंट कॉलेज’, तर कुणी आपल्याच नावाच्या आधी ‘डॉ.’ लावून बघतं. पंधरा-वीस दिवसांनी तो कागद भिंतीवर तसाच असतो, फक्त त्याच्याकडे बघणं बंद झालेलं असतं.

आता यावर ‘हल्लीच्या पोरांत जिद्दच नाही’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण घोळ वेगळाच आहे. भिंतीवर जे लिहिलंय, ते बऱ्याचदा ध्येय नसतंच. ती असते इच्छा. आणि इच्छेला उद्या सकाळी उठून काय करायचं, हे माहीत नसतं.

या ६५० चंच उदाहरण घ्या.

नीटचा पेपर ७२० मार्कांचा. १८० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकीच्या उत्तराला १ मार्क वजा. २०२४ साली पहिल्या निकालात देशभरात तब्बल ६७ जणांना ७२० पैकी ७२० पडले होते. नंतर ग्रेस मार्क आणि एका प्रश्नाच्या उत्तरावरून वाद कोर्टात गेला आणि सुधारित निकालात हा आकडा १७ वर आला. तरीही मार्कांचा पूर एवढा होता की ६५० वाल्या ओपनच्या पोराला सरकारी कॉलेज मिळेल की नाही याची धाकधूक होती. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, पेपर असा निघाला की देशात पहिल्या आलेल्या पोरालाच ६८६ होते. ६५० च्या वर देशभरात शंभर जणसुद्धा नव्हते.

म्हणजे काय, तर समजा एखाद्या पोरीनं २०२५ च्या १ जानेवारीला भिंतीवर ६५० लिहिलं आणि मे महिन्यात तिला ५६० पडले, तर भिंतीवरच्या कागदाप्रमाणे ती नापास. खऱ्या यादीत मात्र ती २२ लाखांतून पहिल्या बारा-तेरा हजारांत. आकडा तोच, पण एका वर्षी तो कमी पडत होता आणि दुसऱ्या वर्षी जवळपास कुणालाच जमला नाही. पेपर किती अवघड काढायचा हे तिच्या हातात नव्हतं, बाकीचे किती लिहिणार हेही नव्हतं. हातात होतं ते रोज किती प्रश्न सोडवायचे, आणि चुकलेले प्रश्न परत कधी बघायचे.

मग मोठा आकडा समोर ठेवूच नये का? तसंही नाही. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या दोन मानसशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं याच विषयावर काम केलंय. ‘जमेल तेवढं करेन’ म्हणणाऱ्यापेक्षा नेमकं आणि अवघड ध्येय ठेवणारा माणूस जास्त काम करतो, हे त्यांनी दाखवून दिलं. इथपर्यंतचं सगळ्या मोटिव्हेशनल रील्समध्ये येतं. त्यापुढची अट मात्र रीलमध्ये येत नाही. त्या माणसाला ते काम यायला हवं, ध्येय मनापासून पटलेलं हवं आणि आपण कुठवर आलो हे त्याला वेळोवेळी कळायला हवं.

ही शेवटची गोष्ट लातूरला फार आधीच कळली होती.

लातूर पॅटर्नचं नाव आज कोचिंगच्या फ्लेक्सवर दिसतं, पण त्याचं मूळ कॉलेजात आहे. लातूरचं राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झालं. डॉ. जनार्दन वाघमारे त्याचे संस्थापक प्राचार्य. हेच वाघमारे सर पुढे १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू झाले. पुढे प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात लातूर पॅटर्नचा बोलबाला झाला आणि बारावीच्या मेरिट लिस्टमध्ये पुणे-मुंबईच्या जोडीनं लातूरची नावं यायला लागली. पॅटर्नमध्ये जादू अशी काही नव्हती. पोर्शन लवकर संपवायचा, जादा तास घ्यायचे, चाचण्यांवर चाचण्या घ्यायच्या, पेपर तपासून कुठे चुकलं ते पोराला दाखवायचं आणि परत लिहायला लावायचं. वर्षाच्या शेवटी लागणारा निकाल त्यांनी आठवड्या-आठवड्यात तोडला.

या पॅटर्नवर घोकंपट्टीचा आरोप झाला, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. पण संकल्पापुरतं बोलायचं तर त्यातली घेण्यासारखी गोष्ट एकच आहे. मेरिटमध्ये येणं हे लांबचं ठिकाण, आणि शनिवारची चाचणी हे या आठवड्याचं काम. भिंतीवर काय लिहायचं, तर काम.

ते काम कसं लिहायचं, हे मात्र शहरातल्या कोचिंगपेक्षा गावाकडच्या शेतकऱ्याकडून शिकावं. लातूर आणि नांदेड दोन्ही जिल्ह्यांत खरिपाला सोयाबीन मुख्य. जूनमध्ये एक सर पडली की कुणाचाही हात पेरणीसाठी शिवशिवतो. तेव्हा कृषी विभाग आणि परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी एकच गोष्ट सांगतात, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. ‘यंदा चांगली पेरणी करू’ असं ते सांगत नाहीत. एवढा पाऊस झाला तर पेरा, नाही झाला तर थांबा, असं सांगतात. निर्णय आधीच झालेला असतो. ऐनवेळी फक्त पाऊस मोजायचा.

मानसशास्त्रात याच ‘असं झालं तर तसं करीन’ पद्धतीवर पीटर गोल्विट्झर यांनी काम केलंय. २००६ साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी असे ९४ अभ्यास एकत्र करून बघितले. नुसती इच्छा धरणाऱ्यांपेक्षा ‘कधी, कुठे, कसं’ आधीच ठरवणाऱ्यांचं ध्येय बऱ्यापैकी जास्त वेळा तडीस जातं, असं त्यातून दिसलं. म्हणजे ‘रोज अभ्यास करणार’ याऐवजी ‘मेसवरून जेवून रूमवर आलो की चप्पल काढल्या काढल्या फिजिक्सचे २० प्रश्न’. ‘वजन कमी करणार’ याऐवजी ‘पोरांना शाळेच्या रिक्षात बसवलं की घरात न जाता तिथूनच अर्धा तास चालायला’. ‘पैसे साठवणार’ याऐवजी ‘पगार झाला की त्याच दिवशी दोन हजार आरडीत’. ऐकायला अगदीच साधं वाटतं. स्टेटसला टाकायला तर काहीच मजा नाही. पण टिकतं ते हेच.

अजून एक बारकावा. ‘मोबाईल बघणार नाही’, ‘तंबाखू खाणार नाही’, ‘चिडणार नाही’ असे नकाराचे संकल्प आपल्याकडे फार. स्वीडनमध्ये हजारावर लोकांच्या नवीन वर्षाच्या संकल्पांचा वर्षभर मागोवा घेतला गेला आणि २०२० साली तो अभ्यास छापून आला. काहीतरी करायचं ठरवणाऱ्यांपैकी ५८.९ टक्के लोकांनी आपण यशस्वी झाल्याचं सांगितलं, काहीतरी टाळायचं ठरवणाऱ्यांपैकी ४७.१ टक्के. रात्री दहाला मोबाईल रूम पार्टनरकडे देऊन उजळणीची वही उघडायची, असं ठरवलं तर हाताला दुसरं काहीतरी काम मिळतं.

आता सोशल मीडियावर दर जानेवारीला फिरणाऱ्या दोन गोष्टींचा निकाल लावून टाकू. पहिली, हार्वर्ड किंवा येलमधल्या ज्या ३ टक्के विद्यार्थ्यांनी ध्येय कागदावर लिहिलं होतं, ते पुढे बाकीच्या ९७ टक्क्यांपेक्षा जास्त श्रीमंत झाले म्हणे. असा अभ्यास झालाच नव्हता. येलवाल्यांनाही शोधून तो सापडला नाही. दुसरी, २१ दिवसांत सवय लागते. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून आला. पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण एवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ लोकांवर प्रत्यक्ष अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला मध्यक (मीडियन) ६६ दिवस निघाला. कुणाला १८, तर कुणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकला म्हणून फार बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. तेव्हा २२ जानेवारीला पहाटे उठणं जड जात असेल, तर तुमच्यात खोट नाही, आकडा खोटा आहे.

हे झालं कसं करायचं. खरा अवघड प्रश्न आहे, ध्येय कुणाचं?

लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या जागा १५०, नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण कॉलेजात १५०. दोन्ही मिळून ३००. त्यातल्या १५ टक्के ऑल इंडिया कोट्यात जातात, म्हणजे राज्याच्या वाट्याला उरल्या २५५. या दोन शहरांत तयारी करणारी पोरं किती, हे संध्याकाळी क्लास सुटल्यावरची गर्दी बघून कळतं. या गर्दीत मनापासून डॉक्टर व्हायचं असलेली पोरं आहेतच. पण चुलत्याचा पोरगा लागला म्हणून आलेलीही आहेत, आणि बापानं सोयाबीनचे पैसे फीला भरलेत म्हणून बोलू न शकणारीही.

केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट यांच्या अभ्यासात असं दिसलं की स्वतःच्या आवडीतून किंवा पटलेल्या कारणातून आलेल्या ध्येयासाठी माणूस जास्त काळ झटतो, आणि ते गाठल्यावर त्याला समाधानही जास्त मिळतं. लोक काय म्हणतील म्हणून धरलेलं ध्येय लवकर सुटतं. ओळखायची एक साधी युक्ती आहे. हे ध्येय पूर्ण झालं, पण कुणालाही सांगायचं नाही, स्टेटस नाही, फ्लेक्स नाही, पाहुण्यांत चर्चा नाही, असं असेल तर तुम्ही ते तरीही कराल का? उत्तर ‘नाही’ आलं, तर जानेवारीतच घरी बोललेलं बरं. मे महिन्यात ते बोलणं फार जड होतं. आणि हे ओझं सोसत नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

राहिला प्रश्न १ जानेवारी हुकली तर काय, याचा. हेंगचेन दाई, केटी मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली दाखवलं की नवं वर्षच काय, नवा महिना, नवा आठवडा, वाढदिवस, अशी कुठलीही नवी सुरुवात माणसाला कामाला लावते. मराठवाड्यात तर वर्ष अनेकदा सुरू होतं. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, शेतीचं वर्ष मृगाला, शाळेचं जूनमध्ये, व्यापाऱ्याच्या वह्या दिवाळीत.

आणि शेतकरी एकाच पेरणीवर वर्ष लावून बसत नाही. पावसानं ओढ दिली आणि मूग-उडदाची वेळ निघून गेली, तर तो तुरीचा विचार करतो. खरीपच हातचं गेलं तर रान हरभऱ्यासाठी धरून ठेवतो. नीटवाल्यांसाठी हरभरा म्हणजे एमएचटी-सीईटी. फार्मसी आणि बीएस्सी ॲग्रीचा रस्ता तिथूनही जातो. या परीक्षेचे फॉर्म साधारण जानेवारी-फेब्रुवारीत भरले जातात. नीटच्या नादात तारीख निघून जाणारी पोरं दरवर्षी असतात, म्हणून भिंतीवरच्या कागदावर ही तारीखही लिहून ठेवा.