‘व्हय’ म्हणणारी सावित्रीबाई

एकपात्री म्हटलं की आधी पु. ल. आठवतात. १९६१ साली त्यांनी ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर आणली आणि एकट्या माणसाने अख्खी चाळ उभी केली. पुढे औरंगाबादच्या लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये ५२ पात्रं एकट्याने रंगवली. माणूस एक आणि पात्रं ढीगभर, असा तो प्रकार. त्याच्या शेजारीच दुसरा एक प्रकार आहे. त्यात नटाने एकच माणूस व्हायचं, तोही होऊन गेलेला, लोकांना नावानिशी माहीत असलेला लेखक. आणि तेच वर्षानुवर्षं करत राहायचं. त्यावर मात्र आपल्याकडे फारसं बोललं जात नाही.

मराठीत याची दोन ठळक उदाहरणं माझ्यासमोर आहेत. एक सदानंद जोशी यांचं ‘मी अत्रे बोलतोय’ आणि दुसरं सुषमा देशपांडे यांचं ‘व्हय, मी सावित्रीबाई’. दोन्ही नावांत ‘मी’ आहे, पण या दोन ‘मी’मध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे. या लेखात मला ते अंतरच सांगायचंय.

आधी सोपी बाजू घेऊ. आचार्य अत्रे १९६९ साली गेले. त्यांची भाषणं ऐकलेले हजारो लोक तेव्हा सभागृहात बसू शकत होते. अत्रे कसे बोलतात, ‘दहा हजार वर्षांत’ हे शब्द कुठे टाकतात, हे प्रेक्षकांना पाठ होतं. नटासाठी हे अवघड खरं, कारण लोक तुलना करणार. पण सोयीचंही, कारण मूळ वस्तू हाताशी आहे. अमेरिकेतल्या हॅल होलब्रूकचंही तसंच. त्याने १९५४ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका शिक्षक महाविद्यालयात मार्क ट्वेनचं सोंग एकट्याने पहिल्यांदा उभं केलं आणि २०१७ पर्यंत, म्हणजे ६३ वर्षं, ते चालवलं. सुरुवातीला तो तिशीच्या आतला, आणि ट्वेन सत्तरीचा. म्हणून रंगभूषेला तासन्‌तास लागायचे. शेवटी शेवटी होलब्रूक नव्वदी ओलांडून गेला, म्हणजे ट्वेनपेक्षाच म्हातारा झाला! ट्वेनने लिहून ठेवलेलं इतकं अफाट होतं की होलब्रूक त्यातून निवडत राहायचा, बदलत राहायचा. शिवाय ट्वेन स्वतःच मंचावर उभा राहून लोकांना हसवणारा माणूस. डोक्यावरचं कर्ज फेडायला तो जगभर भाषणं देत फिरला आणि १८९६च्या जानेवारीत मुंबईतही बोलून गेला. तेव्हा पुण्यात सावित्रीबाई हयात होत्या, हे सहज सांगून ठेवते.

आता अवघड बाजू. सावित्रीबाईंचा आवाज कोणी ऐकलाय? ध्वनिमुद्रण नाही. त्या कशा चालायच्या, बोलताना हात कसे करायच्या, हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. म्हणजे नक्कल करायची सोयच नाही. हाताशी आहे ते त्यांचं लेखन, आणि तेही मोजकं. १८५४चा ‘काव्यफुले’ हा संग्रह, जोतीरावांच्या निधनानंतरचं ‘बावनकशी सुबोध रत्नाकर’, जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं, काही भाषणं. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं त्यांचं समग्र वाङ्मय राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली काढलं, आणि सुषमा देशपांडे यांचा प्रयोग आला १९८९ साली. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी जिचं पुस्तक छापून आलं, ती बाई तोवर बहुतेकांसाठी ‘जोतीरावांची पत्नी’ एवढीच होती. पाठ्यपुस्तकात, पुतळ्यात, फोटोत ती नेहमी कोणाच्या तरी शेजारी.

म्हणून त्या नावातला ‘व्हय’ मला महत्त्वाचा वाटतो. अत्र्यांचा ‘मी’ म्हणजे घोषणा. सभा शांत करायला ठोकलेली आरोळीच जणू. ‘व्हय’ हे मात्र उत्तर आहे. कोणीतरी विचारलंय, ‘तूच का ती?’ आणि ती म्हणते, व्हय, मीच. प्रश्न नाटकात कोणी विचारत नाही, तो आपण विचारलेला असतो. इतकी वर्षं न विचारता विचारलेला. एकपात्रीत दुसरं पात्र प्रेक्षकच असतो असं म्हणतात, ते इथे नावापासूनच खरं होतं.

सुषमा देशपांडे मुळात पत्रकार, स्त्री-चळवळीतल्या. प्रयोग त्यांनीच लिहिला, त्यांनीच उभा केला. नऊवारी नेसलेली एक बाई समोर येऊन आपली गोष्ट सांगते, मधेच कोणा दुसऱ्याचं बोलणंही तिच्याच तोंडून येतं. नेपथ्याचा पसारा नाही. त्यामुळे तो नाट्यगृहात होतो तसा गावातही होतो, आणि गावोगाव झालाही. मराठीबाहेर हिंदीतही गेला. होलब्रूकचा ट्वेन होलब्रूकबरोबरच थांबला, सावित्रीबाईंचं तसं झालं नाही. पुढे तरुण अभिनेत्रींनी हाच प्रयोग हातात घेतला. ही भूमिका कुणा एकीच्या चेहऱ्याला चिकटलेली नाही, कारण मूळ चेहऱ्याशी ताडून बघणारा प्रेक्षकच नाही. वर जी अडचण म्हटली, तीच इथे सवलत ठरली.

एक गोष्ट मात्र वादाची आहे आणि ती मी टाळणार नाही. सावित्रीबाईंच्या कविता बोलीत नाहीत. वृत्तात बसवलेल्या, ग्रांथिक वळणाच्या आहेत. पत्रांतली भाषाही शिकलेल्या बाईची, युक्तिवाद करणारी. त्या शिक्षिका होत्या. अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतल्याचं चरित्रकार सांगतात. मग रंगमंचावर त्या ‘व्हय’ का म्हणतात? काहींना हे खटकतं. शिकलेल्या बाईला मुद्दाम खेडवळ केलं, असं वाटतं.

मी निर्मलची आहे. आमच्याकडे बाजारात तेलुगू, बसस्टँडवर उर्दू, घरात मराठी. निर्मल २०१६ साली आदिलाबादमधून वेगळा जिल्हा झाला, पण सीमा कशाही आखा, आमच्या घरातली मराठी काही बदलली नाही. ती बाहेर काढली की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, ‘ही कुठली मराठी?’ त्यामुळे आम्ही दोन मराठ्या बाळगतो. निबंधात एक, आजीशी बोलताना दुसरी. दोन्ही आमच्याच. सावित्रीबाईही नायगावच्या. लिहिताना त्या जे लिहीत, तेच विहिरीवर बोलत असतील असं का मानायचं? म्हणून मला ती निवड पटते. माझी अट एकच. बोली वापरायची ती बाई साधीभोळी दाखवायला नको. ज्या तोंडातून ‘व्हय’ येतं त्याच तोंडातून कडक युक्तिवादही आला पाहिजे.

तो युक्तिवाद कुठे आहे ते सांगते. १८५६च्या ऑक्टोबरात सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यात भावाशी झालेला वाद आहे. भाऊ म्हणतो, तुम्ही महार-मांगांसाठी जे करता ते कुळाला बट्टा लावणारं आहे, तुम्हाला वाळीत टाकलं ते बरोबरच. त्या त्याला विचारतात, तू जनावरांना मायेने जवळ घेतोस, नागपंचमीला नागाला दूध पाजतोस, मग माणसंच तेवढी अस्पृश्य कशी? आई मधे बसून सगळं ऐकतेय. याच पत्रात फातिमाचं नाव येतं, आपण नसल्यामुळे तिच्यावर कामाचा भार पडत असेल म्हणून. हे पत्र वाचताना जाणवतं की इथे नाटककाराला फारसं काही करायचंच नाही. जागा, तीन माणसं, भांडण, सगळं तयार आहे. १८६८च्या पत्रात गणेश आणि सार्जा या जोडप्याला गाव मारायला निघालं होतं आणि सावित्रीबाई मधे पडल्या, तो प्रसंग. १८७७चं पत्र जुन्नर भागातल्या दुष्काळातलं. शेणाचे गोळे झेलत शाळेत जाण्याचा प्रसंग मात्र त्यांच्या स्वतःच्या लेखनातला नाही, सहकाऱ्यांच्या आठवणींतून आलेला आहे. गंमत अशी की लोकांना तोच पाठ असतो आणि ही पत्रं माहीत नसतात.

‘मी’ म्हणून लिहिण्याची ही हिंमत त्यांच्या शाळेतही पोचली होती. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मिशनच्या पत्रात, चौदा वर्षांच्या मांग मुलीच्या नावाने. आपल्या कॉलेजच्या मंडळाने हे तरी लक्षात ठेवायला हरकत नाही.

तेलंगणा सरकारने २०२५ पासून ३ जानेवारी, म्हणजे सावित्रीबाईंचा जन्मदिवस, महिला शिक्षक दिन म्हणून पाळायचं ठरवलं. आदिलाबाद भागात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. त्यामुळे यापुढे तिथे दर जानेवारीत कुणीतरी मुलगी आईची साडी नेसून ‘मी सावित्री’ म्हणत उभी राहणारच. तिला शेणाच्या गोळ्यांच्या चार ओळी पाठ करून देण्याऐवजी १८५६चं पत्र द्यावं असं मला वाटतं. आपल्या मंडळानेही येत्या ३ जानेवारीला तेच वाचावं. सेट नको, माईक असला तर ठीक. भावाचं काम करायला कोणी मुलगा घ्यायचा का, असं परवा बैठकीत निघालं होतं. माझ्या मते नको. भावाचं बोलणंसुद्धा आपल्यापर्यंत तिच्याच लेखणीतून आलंय, तेव्हा दोन्ही बाजू एकटीनेच वाचलेल्या बऱ्या.