फिल्टर बदलला, आवाज वाढला

एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे 11 किलो हवा लागते, म्हणजे जवळपास 9,000 लिटर. ही सगळी हवा कागदाच्या घड्यांतून ओढली जाते म्हटल्यावर ‘फिल्टर मोकळा करा, गाडी सुसाट पळेल’ हा दुकानदाराचा हिशेब कुणालाही पटेल. तेल लावलेल्या सुती जाळीचे महागडे फिल्टर याच हिशेबावर खपतात.

त्यात एक झडप मात्र विसरली जाते. पेट्रोल इंजिनात फिल्टरच्या पुढे थ्रॉटल असतो. शहरात आपण अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम दाबतो, तेव्हा तो बराचसा मिटलेलाच असतो आणि त्याच्या पलीकडे हवेचा दाब वातावरणाच्या निम्म्यावर उतरतो. हवा अडते ती तिथे, आणि मुद्दाम अडवलेली. फरक पडायचाच तर पाय पूर्ण दाबल्यावर, वरच्या आरपीएमला. तिथेही स्वच्छ कागदी फिल्टर दाब साधारण एक-दोन टक्क्यांनीच घटवतो. मिळून मिळणार ते त्यातलंच काहीतरी.

त्यातून फिल्टरभोवतीचा कंपनीचा डबा काढून उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवला, तर तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. हवा 10 अंशांनी तापली की तिची घनता सुमारे 3 टक्क्यांनी घटते. कमावलं ते तिथेच गेलं! तरी लोक पिकअप वाढल्याचं शपथेवर सांगतात. माझ्या मते ती करामत आवाजाची. हवा ओढतानाची घरघर दाबणं हेही त्या डब्याचं काम असतं.

अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये उलट बाजूने पाहिलं: फिल्टर चोंदला तर काय होतं? फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचं अ‍ॅव्हरेज ढळलं नाही, कारण हवा कमी आली की इंजिनाचा संगणक पेट्रोलही कमी सोडतो. वेग घेताना मात्र गाड्या रेंगाळल्या; स्वच्छ फिल्टर घालताच वेग घ्यायला लागणारा वेळ 6 ते 11 टक्क्यांनी सुधारला. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत अ‍ॅव्हरेजही मार खातं.

आणि धूळ? तिच्यातले गारेचे कण पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासत राहतात. गंमत म्हणजे थोडा मळलेला कागद कोऱ्यापेक्षा बारीक धूळ पकडतो, कारण साचलेला थरच गाळणी होतो. आपल्या गॅरेजांत दर सर्व्हिसिंगला कंप्रेसरची हवा मारून तो थर उडवतात. हवा जोरात लागून कागदाला बारीकशी चीर गेली, तर धुळीला सिलिंडरपर्यंत सरळ वाट मिळते.