काटायचं कधी, थांबायचं कधी?

सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचं म्हटलं, की आपल्यातल्या अनेकींचं पाऊल बीजगणितापाशी अडतं. म्हणून आज अपूर्णांकाला सोपं रूप कसं द्यायचं, एवढंच पाहू. वही-पेन्सिल जवळ घ्या.

आधी साधे आकडे. वर २ × ३, खाली २ × ५. दोन्हीकडचा २ काटला, ३/५ उरले. ६/१० म्हणजे ३/५च, तेव्हा हे बरोबर. आता वर २ + ३, खाली २ + ५. इथेही २ काटला तर ३/५ येतात, पण खरं उत्तर आहे ५/७! काटणं म्हणजे सबंध अंशाला आणि सबंध छेदाला एकाच संख्येनं भागणं. म्हणून गुणाकारातलं काटता येतं, बेरजेतलं नाही.

आता हे उदाहरण लिहून घ्या:
(क्ष² + ५क्ष + ६) / (क्ष² − ९)

वर-खाली क्ष² दिसला की हात शिवशिवतो. पण थांबा, इथे अधिक-उणे आहे. आधी अवयव पाडू, म्हणजे बेरजेचा गुणाकार करू.

अंशासाठी अशा दोन संख्या शोधा, ज्यांचा गुणाकार ६ आणि बेरीज ५. त्या २ आणि ३. म्हणून अंश झाला (क्ष + २)(क्ष + ३). छेदात दोन वर्गांची वजाबाकी आहे, कारण ९ हा ३ चा वर्ग. म्हणून छेद झाला (क्ष + ३)(क्ष − ३). आता (क्ष + ३) हा सबंध कंस दोन्हीकडे आहे, तो काटा. उरलं:
(क्ष + २) / (क्ष − ३)

एक अट मात्र लक्षात ठेवा. क्ष ३ किंवा −३ असेल तर मूळचा छेद शून्य होतो आणि शून्यानं भागता येत नाही.

उत्तर बरोबर का, हे कुणाला विचारायलाही नको. क्षच्या जागी ४ घाला. मूळ उदाहरणात ४२/७, म्हणजे ६. आपल्या उत्तरात ६/१, म्हणजे ६च. जुळलं! नुसता क्ष² काटला असता तर २६/−९ आले असते. मुलांची वही तपासतानाही हीच युक्ती वापरा.

आता हे तुम्ही करा: (क्ष² − ४) / (क्ष² + ५क्ष + ६). आणि हो, शेवटी ४ घालून पडताळा.